वळ आणि चित्रफीत

१

गेल्या काही वर्षांत पोलिसाच्या छातीवर कॅमेरा आला आहे. मुंबईच्या रस्त्यांवर वाहतूक पोलिसांच्या गणवेशावर तो दिसतो. मध्य रेल्वेने २०२३ साली काही तिकीट तपासनिसांच्या अंगावरही तो चढवला. पोलीस ठाण्याच्या भिंतीवरचा कॅमेरा त्याहून जुना आहे. आमच्या वसई-विरार भागातले चळवळीतील तरुण मित्र या कॅमेऱ्याविषयी मोठ्या आशेने बोलतात. नालासोपाऱ्यातील एका अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने सरळच विचारले, "सर, आता सगळे दिसणार आहे. मग आपण साक्षीदार कशाला गोळा करीत बसायचे?" मी त्या वेळी त्याला समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. त्याच्या प्रश्नात जी श्रद्धा आहे तिची चिकित्सा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

श्रद्धा म्हणण्याचे कारण आहे. यंत्राला जात नाही, म्हणून यंत्र पक्षपात करणार नाही, असे आपण गृहीत धरतो. छापखाना आला तेव्हा आपल्या पूर्वसुरींनीही आशा धरली होती आणि ती अगदीच खोटी ठरली असे नाही. जोतीरावांचे ग्रंथ आणि बाबासाहेबांची पाक्षिके त्या यंत्रातूनच बाहेर पडली. पण त्यांनी छापखान्यावर श्रद्धा ठेवली नाही. त्यांनी त्याचा ताबा मिळवण्याची धडपड केली. 'मूकनायक' काढावा लागला तो मराठीत वृत्तपत्रे नव्हती म्हणून नव्हे. होती त्या वृत्तपत्रांत आपल्याला जागा नव्हती म्हणून. कॅमेऱ्याच्या बाबतीतही प्रश्न ताब्याचाच आहे. तो सुरू कोण करतो, बंद कोण करतो, चित्रफीत कोणाच्या कपाटात राहते, आणि तिचा अर्थ कोण सांगतो?

हे प्रश्न मला पुस्तकातून सुचलेले नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील मजूर नाक्यावर उभे राहतात. मराठवाड्यातून आलेले, वडार समाजातले गृहस्थ. एका पावसाळ्यात बांधकामावरच्या सळया चोरीला गेल्या. संशयावरून त्यांना रात्री ठाण्यात नेले आणि सकाळी सोडून दिले. अटक दाखवलेली नव्हती, त्यामुळे अटकेचा पंचनामा नाही, नातेवाइकांना कळवणे नाही, वैद्यकीय तपासणी नाही. त्यांच्या पाठीवर वळ होते, ते मी पाहिले. ठाण्याचे नाव मी येथे घेत नाही, कारण प्रश्न एका ठाण्याचा नाही. एक वकील मित्र बरोबर घेऊन आम्ही गेलो. ठाणे अंमलदार सभ्यपणे बोलले. वर बोट करून म्हणाले, "सर, इथे सगळे रेकॉर्ड होते. इथे असे काही होऊच शकत नाही." आम्ही त्या रात्रीचे चित्रण मागितले. अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, पोचेचा शिक्का घेतला, पुन्हा अर्ज दिला. अखेर लेखी उत्तर आले की त्या कालावधीत यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती.

ते उत्तर मी त्या गृहस्थांना वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, कॅमेरा बंद असेल. पण मी तर जागा होतो ना."

या वाक्यातला पेच मला सुटलेला नाही. जो माणूस रात्रभर जागा होता त्याचे म्हणणे पुरावा नाही, आणि जे यंत्र झोपले होते त्याचे मौन मात्र पुरावा आहे. अशी स्थिती का यावी?

२

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्रातील दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. त्यांच्यामध्ये बावन्न वर्षांचे अंतर आहे.

पहिले १९७२ सालचे. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. 'मथुरा प्रकरण' या नावाने ते देशाला माहीत आहे. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. निकालाचा एक मोठा आधार असा की मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने प्रतिकार केला नव्हता, म्हणजे तिची संमती होती. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे १९८३ साली कायदा बदलला. त्या निकालामागचे गृहीत आपण नीट समजून घेतले पाहिजे. मुलगी बोलत होती, पण तिच्या बोलण्याला आधार हवा होता, आणि तो आधार तिच्या कातडीवर उमटलेला हवा होता. अंगावर वळ नाही, तर अत्याचार नाही.

दुसरे प्रकरण २०२४ सालचे. १० डिसेंबरला परभणी रेल्वे स्थानकासमोरील बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेच्या बंदनंतर पोलीस दलित वस्त्यांत शिरले आणि धरपकड झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा पस्तीस वर्षांचा, कायद्याचे शिक्षण घेणारा वडार समाजातला तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण लिहिले गेले. येथे अंगावर वळ होते. आणि तरीही नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सभागृहाला सांगितले की दंडाधिकाऱ्यांपुढे सोमनाथने मारहाणीची तक्रार केली नव्हती आणि चित्रणातही मारहाण दिसत नाही.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. सोमनाथच्या आईने, विजयाबाईंनी, शासनाचे दहा लाख रुपये नाकारले आणि न्यायालयाचा रस्ता धरला. ॲड. प्रकाश आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

ही दोन्ही प्रकरणे एकत्र वाचली की एक गोष्ट स्पष्ट होते. १९७२ साली सांगितले गेले की तुझ्या शब्दाला अंगाचा पुरावा नाही. २०२४ साली अंगाचा पुरावा होता, तर सांगितले गेले की अंगाला चित्रणाचा पुरावा नाही. उद्या चित्रण मिळाले, तर त्या चित्रणाला कशाचा तरी पुरावा मागितला जाईल. पुराव्याची साधने बदलत गेली, पण एक गोष्ट बदलली नाही. आपल्या माणसाचा शब्द हा नेहमी अपुरा, आणि त्याला जे साधन जोडावे लागते ते नेहमी दुसऱ्याच्या ताब्यात.

यावरून कॅमेरा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. माझा तसा निष्कर्ष नाही. त्या नाक्यावरच्या गृहस्थांना रात्री ठाण्यात नेले होते, याचा कागदावर मागमूस नाही. १९९६ सालच्या डी. के. बसू निकालाने घालून दिलेल्या अटकेच्या सगळ्या अटी अटक दाखवली तरच लागू होतात. न दाखवलेल्या माणसाला फक्त दाराशी लागलेला कॅमेराच 'दाखवू' शकतो. म्हणून कॅमेरा हवाच. प्रश्न तो कोणाचा हा आहे.

३

आता या कॅमेऱ्याच्या नजरेकडे वळू.

छातीवरचा कॅमेरा ज्याच्या छातीवर असतो तो माणूस चित्रात येत नाही. हे सांगण्याची गरज वाटू नये इतके उघड आहे, आणि म्हणूनच ते विसरले जाते. चित्रात येतो तो समोरचा. समोरच्याचा चढलेला आवाज, उगारलेला हात, शिवी, धावणे, पडणे. पोलिसाचा हात क्वचित चौकटीच्या कडेला दिसतो, त्याचा चेहरा कधीच नाही. झटापट जवळून झाली की सगळे हलते आणि समोरचा माणूस अंगावर येतो आहे असेच वाटते. तिकीट तपासनिसांना कॅमेरे देताना प्रवाशांच्या गैरवर्तनाचा मुद्दा पुढे होता, हे लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे उत्तरदायित्वाचे साधन म्हणून ज्याचे स्वागत होते, ते साधन रचनेनेच सामान्य माणसाकडे तोंड करून उभे आहे.

आपल्या समाजाला ही नजर नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरवले. त्यांची हजेरी घेतली, गाव सोडायला दाखला लावला, तारेच्या कुंपणात वसाहती केल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, महाराष्ट्रात १९५९ साली. वडार समाज आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. 'विमुक्त' या शब्दातच आधीचे बंधन लिहिलेले आहे. ज्या समाजांनी ऐंशी वर्षे पाटलाच्या आणि फौजदाराच्या डोळ्यांपुढे हजेरी दिली, त्यांना 'तुमच्यावर कॅमेरा आहे' हे वाक्य आश्वासनासारखे ऐकू येणार नाही. ते हजेरीच्या हाकेसारखे ऐकू येते.

आणखी मागे जायचे तर वेसकराची आठवण येते. गावाच्या वेशीवर रात्रभर जागणारा महार हा गावाचा डोळा होता. कोण आला, कोण गेला, हे त्याने सांगायचे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष अखेरची मानली जाई. गावकीच्या रचनेत त्याला पाहण्याचा अधिकार होता, किंबहुना पाहण्याची सक्ती होती. पण गावाने त्याच्यावर केलेला अन्याय त्याने पाहिला तर ती साक्ष ऐकायला कोणतीही चावडी नव्हती. गावासाठी पाहणारा डोळा स्वतःसाठी आंधळा असावा, अशी ही व्यवस्था. वतने १९५८ च्या कायद्याने गेली. आजचा कॅमेरा मला या व्यवस्थेतला नवा वेसकर वाटतो. तो जागा असतो, सगळे पाहतो, पण साक्ष देतो ती मालकाने परवानगी दिली तरच.

४

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल की आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. हे खरे आहे, आणि आमच्या पालघर जिल्ह्यानेच त्याची दोन भयंकर उदाहरणे पाहिली आहेत.

१६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. पोलीस तेथे हजर होते. वृद्ध साधू पोलिसाचा हात धरून चालत आहे आणि तो हात सुटतो आहे, हे देशाने पाहिले ते लोकांच्या चित्रणातून. ते चित्रण नसते तर पोलिसांच्या निष्क्रियतेची चर्चा झाली असती की नाही, मला शंका आहे. पुढे तीन पोलिसांना सेवेतून बडतर्फ केले गेले. पण त्याच प्रकरणात आदिवासी पाड्यांतून दोनशेहून अधिक माणसे पकडली गेली. जे खुनी होते त्यांना शिक्षा व्हावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु चित्रात दिसलेला आणि न दिसलेला, मारणारा आणि नुसता तेथे असलेला, यांतला फरक न्यायालयात पोचेपर्यंत कित्येकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. एकाच प्रकारच्या चित्रणातून पोलिसांवर नेमके बोट ठेवले गेले आणि पाड्यांवर घाऊक जाळे टाकले गेले.

दुसरे उदाहरण ३१ जुलै २०२३ च्या पहाटेचे. जयपूर-मुंबई गाडी पालघरच्या आसपास असताना रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुस्लीम प्रवाशांना गोळ्या घातल्या. ती गाडी आमच्या विरार, नालासोपारा, वसईवरूनच पुढे गेली. मृतदेहाशेजारी बंदूक घेऊन उभा राहून तो काय बोलत होता, हे जगाला कळले ते डब्यातल्या प्रवाशाने घेतलेल्या चित्रणामुळे. एरवी ते 'एका मनोरुग्णाचे कृत्य' म्हणून मिटवणे किती सोपे होते!

अमेरिकेतला अनुभव याहून वेगळा नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडला पोलिसांनी मारले तेव्हा तेथील पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. तरीही पोलिसांच्या पहिल्या निवेदनात मानेवरच्या गुडघ्याचा उल्लेख नव्हता. सत्य बाहेर आले ते पदपथावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या फोनमधून. शिकागोत २०१४ साली पोलिसांनी गोळ्या घातलेल्या सतरा वर्षांच्या मुलाचे, लक्वान मॅक्डॉनल्डचे, पोलीस गाडीतले चित्रण तेरा महिने दाबून ठेवले गेले आणि न्यायालयाच्या आदेशानंतरच ते लोकांपुढे आले. अभ्यासकांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. कॅलिफोर्नियातील रिॲल्टो या छोट्या शहरात २०१२-१३ साली कॅमेरे आल्यावर बळाचा वापर आणि तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर प्रयोग झाला आणि २०१७ साली त्याचा निष्कर्ष आला, की लक्षणीय फरक पडला नाही. यंत्र साधारण तेच होते. मग फरक कशाचा? माझ्या मते, यंत्रामागच्या नियमांचा आणि धाकाचा. चित्रण झाकले तर शिक्षा होईल, हा धाक जेथे आहे तेथे कॅमेरा काम करतो. जेथे तो नाही तेथे कॅमेरा गणवेशावरचे एक बटण होतो.

१९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथरचे तरुण कायद्याचे पुस्तक हाती घेऊन पोलिसांच्या गाडीमागे फिरत. पोलीस कोणाला अडवतात ते योग्य अंतरावर उभे राहून पाहत. १९७२ साली मुंबईत ज्यांनी दलित पँथर उभी केली त्यांनी त्यांच्याकडून केवळ नाव घेतले नव्हते. आपण पाहतो आहोत हे पोलिसांना कळले पाहिजे, हा त्यातला मुद्दा होता. आज प्रत्येकाकडे कॅमेरा आहे, पण थांबून पाहणारा किती जणांत उरला आहे?

५

हा प्रश्न मला आपल्या साहित्याकडे घेऊन जातो.

दलित आत्मकथने आली तेव्हा प्रस्थापित समीक्षेने एक आक्षेप वारंवार घेतला. हे साहित्य नव्हे, हे नुसते दस्तऐवज आहेत. यात कला नाही, छायाचित्रण आहे. आपल्याकडील काही समीक्षकांनीही त्याला उत्तर देताना कलामूल्ये सिद्ध करून दाखवण्याची घाई केली. आज मागे वळून पाहताना वाटते की त्या आक्षेपाला वेगळे उत्तर देता आले असते. ते असे, की होय, हा दस्तऐवज आहे, आणि तो कोणत्याही शासकीय दप्तरात नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. 'उचल्या'मध्ये पोलीस येतात तेव्हा घरात काय होते, हे घराच्या आतून दिसते. त्याच धाडीची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत असेल तर ती दोन ओळींची असेल, आणि ती दाराच्या बाहेरून असेल. दोन्ही कागदच आहेत. फरक नजर कोठे उभी आहे याचा आहे.

अंगावरचा कॅमेरा हा शब्द पोलिसांनी उचलला, पण अंगावरूनच जग टिपण्याची पद्धत आपल्या लेखकांनी आधी वापरली होती. त्यांच्या बाबतीत टिपणारे अंग मार खाणाऱ्याचे होते. म्हणून त्यात मारणाऱ्याचा चेहरा दिसतो. शिवाय एक गोष्ट चित्रफितीत कधीच येत नाही. ती म्हणजे आधी काय झाले आणि नंतर काय झाले. चित्रफीत बटण दाबल्यापासून सुरू होते. आत्मकथन आजोबांपासून सुरू होते. संशयित म्हणून नेमका हाच माणूस नाक्यावरून का उचलला, याचे उत्तर त्या रात्रीच्या चित्रणात नाही. ते १८७१ पासूनच्या हजेरीत आहे. पाठीवरचे वळ उतरल्यावरही तो माणूस तीन महिने त्या नाक्यावर उभा राहायला घाबरत होता, हेही कोणत्या चित्रणात येणार?

म्हणून 'आता साक्षीदार कशाला' या माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी आज असे उत्तर देईन. कॅमेरा घटनेची नोंद करतो. साक्षीदार अन्यायाची नोंद करतो. अन्याय कळायला घटनेच्या आधीचे आणि नंतरचे माहीत असावे लागते, आणि कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे ठरवावे लागते. ते यंत्र ठरवीत नाही.

एक सावधगिरीही येथे सांगितली पाहिजे. आपल्या तरुणांच्या फोनमध्ये अत्याचारांची चित्रणे साठत चालली आहेत. ती पुढे पाठवली जातात, पाहिली जातात आणि पुसली जातात. पाहणाऱ्याला वाटते आपण काही केले. नाव, गाव, वेळ, पोलीस ठाणे यांची नोंद नसलेले आणि मूळ प्रत जपून न ठेवलेले चित्रण न्यायालयात उभे राहत नाही. आपल्या माणसाची विटंबना हजारो डोळ्यांपुढे फिरवून तिची साक्ष मात्र होऊ द्यायची नाही, हा नवा प्रकार आपणच रूढ करीत आहोत. याचा विचार व्हावा.

६

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपण रिकाम्या हाताने उभे नाही. वडाळा रेल्वे पोलिसांच्या कोठडीतील तरुणाच्या मृत्यूनंतर २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला होता. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशभरासाठी तो अधिक विस्ताराने दिला. दारे, कोठड्या, व्हरांडे, निरीक्षकाची खोली, ठाण्याची मागची बाजू, सगळीकडे कॅमेरे हवेत. चित्रासोबत आवाज हवा. चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष जपले पाहिजे. आपल्या मानवी हक्कांचा भंग झाल्यास ते चित्रण राखून ठेवण्याची मागणी करण्याचा अधिकार पीडिताला आहे, आणि हे सांगणारा फलक स्थानिक भाषेत ठाण्याच्या दाराशी लावला पाहिजे. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत झडती आणि जप्तीचे चित्रण सक्तीचे झाले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १५अ तर त्या कायद्याखालील सर्व कार्यवाही चित्रमुद्रित करावी असे सांगते.

आदेश चांगले आहेत. त्यांची फट कोठे आहे ते पाहू. कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावर आहे. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती किल्ली. देखरेखीसाठी जिल्हा समिती आहे. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख. मार खाणाऱ्या समाजाचा त्यात कोणी नाही. आमच्या भागापुरते सांगायचे तर २०२० च्या जूनमध्ये वसई-विरार महानगरपालिकेची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ येथे निवडून आलेला महापौर नव्हता, प्रशासक होता. समितीत लोकांचा म्हणता येईल असा जो एक माणूस, त्याचीच खुर्ची या शहरात रिकामी. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. ते ठाणे आणि पालघर या दोन जिल्ह्यांवर पसरलेले आहे आणि त्याचा प्रमुख अधीक्षक नव्हे, आयुक्त आहे. नाक्यावरच्या मजुराने दाद मागायला कोणत्या जिल्ह्याच्या कोणत्या समितीकडे जायचे? सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातील कोठडी मृत्यूंच्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयाला बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची दखल स्वतःहून घ्यावी लागली. आदेशाला पाच वर्षे होत आली होती.

येथे शिपायाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तो बहुधा आपल्याच बहुजन समाजातून आलेला असतो. लांबलचक पाळ्या, अपुरी घरे, वरिष्ठांचे शब्द. १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब होते, आणि दलितांना पोलीस दलात घेण्याचा आग्रह त्या काळापासूनचा आहे. आपली माणसे आत गेली, पण आतली व्यवस्था बदलली नाही. कॅमेरा शिपायाच्या छातीवर लावायचा आणि आदेश देणाऱ्याच्या टेबलावर लावायचा नाही, याला उत्तरदायित्व म्हणता येत नाही. २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तेथे अर्ज केले आहेत?

म्हणून माझ्या मते चळवळीने मागायचे ते एवढेच. चित्रण ठाण्यात न राहता स्वतंत्र यंत्रणेकडे जावे. तक्रारदाराला ठराविक दिवसांत त्याची प्रत मिळावी. देखरेख समितीत अनुसूचित जाती-जमाती आणि विमुक्तांचे प्रतिनिधी असावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, कॅमेरा बंद होता असे सांगितले गेले तर ते पोलिसांच्या विरुद्ध गृहीत धरले जावे. कॅमेऱ्याचे मौन पीडिताच्या खाती जमा झाले पाहिजे. एवढा एक नियम झाला तर राज्यातले कॅमेरे आपोआप दुरुस्त होतील.

आमच्या सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना मिळालेला तुकडा आठव्या लेखाचा आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण आता लोकांना भेटण्याच्या यात्रेला निघतो, असे त्या लेखात राजाने सांगितले आहे. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. राजाने आपल्या वागणुकीविषयीचे वचन दगडावर लिहिले आणि तो दगड आपल्या कोठारात ठेवला नाही. जेथून लोकांची ये-जा होती त्या सोपाऱ्याच्या बंदरात उभा केला. ज्याला वाचता येत होते त्याने वाचावा, ज्याला येत नव्हते त्याने ऐकावा. राज्यकर्त्याची नोंद लोकांच्या वाटेवर असावी, ही कल्पना येथल्या मातीला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती.

ते नाक्यावरचे गृहस्थ आता पुन्हा कामावर जातात. आम्ही त्यांची हकिकत त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली आहे. तारीख, वेळ, साक्षीदार आणि पाठीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ठाण्याचे ते लेखी उत्तरही त्यात आहे. प्रकरण कोठवर जाईल सांगता येत नाही. पण त्या रात्री कोण जागे होते, याची एक नोंद आता आपल्या कपाटात आहे. अशी नोंद प्रत्येक वस्तीत ठेवली गेली पाहिजे.